दुचाकीस्वार बेफिकीर असतात म्हणूनच त्यांचे अपघात होतात, हे खरे आहे का?

तुम्ही लिहिले आहे की, मुलाला नव्या नोकरीसाठी रोज लांबचा पल्ला गाठावा लागणार असल्याने त्याला मोटारसायकल घ्यायची आहे, पण घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की बाइकवाले मुळातच बेफिकीर असतात आणि आपल्याच चुकीने मरतात. यात तथ्य किती आणि काळजी कोणती घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. मी नाशिक जिल्ह्यात ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या विक्रीसाठी एकवीस वर्षे दुचाकीवरून फिरतो आहे. यात थोडे तथ्य आहे; पण ज्या रूपात हा समज घराघरांत बोलला जातो, त्या रूपात तो चुकीचा आहे आणि माझ्या मते धोकादायकही आहे.

आठ वर्षांपूर्वी मी सिन्नरहून घोटीकडे निघालो होतो. लख्ख ऊन होते, रस्ता मोकळा होता आणि माझा वेग ताशी पंचेचाळीसच्या आसपास होता. समोरून येणारी एक कार ढाब्याकडे जाण्यासाठी अचानक उजवीकडे, म्हणजे माझ्या आडवी वळली. वळण्यापूर्वी चालकाने माझ्या दिशेने पाहिले होते, त्याचा चेहरा मला स्पष्ट दिसला होता. मी कारच्या पुढच्या दरवाजावर आदळलो, बॉनेटवरून पलीकडे पडलो आणि माझे कॉलरबोन मोडले. धावत आलेला तो चालक सभ्य गृहस्थ होता, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अहो, तुम्ही मला दिसलाच नाहीत." जमलेल्या लोकांनी मात्र मला पहिला प्रश्न विचारला तो "किती स्पीडला होता?" असा. त्याने इंडिकेटर दिला होता का, हे कोणीही विचारले नाही.

तो चालक खोटे बोलत नव्हता, असे मला आजही वाटते. समोरून येणारी मोटारसायकल ही नजरेला एक अरुंद, उभी रेघ असते. मोठे वाहन जवळ येताना झपाट्याने मोठे होताना दिसते; दुचाकी बराच वेळ तेवढीच दिसते आणि शेवटच्या क्षणी एकदम अंगावर येते, त्यामुळे ती अजून लांब आहे आणि हळू येत आहे, असे पाहणाऱ्याला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय कारच्या काचेच्या कडेचा खांब एक अख्खी दुचाकी झाकू शकतो. याच कारणासाठी १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहतो. (अजूनही कित्येक भली माणसे "दिवा चालू राहिलाय" अशी हाताने खूण करतात.)

या विषयावरचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील हॅरी हर्ट यांचा आहे. त्यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. दुसरे वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांत त्या वाहनाच्या चालकाने दुचाकीचा वाटेवरचा हक्क डावललेला होता. अपघातापूर्वीचा मध्यक वेग (निम्म्या अपघातांत वेग याहून कमी होता) ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास निघाला, म्हणजे सुसाट वेगाचे चित्र बहुतेक अपघातांना लागू पडत नव्हते. ही आकडेवारी अमेरिकेतील आणि जुनी आहे, तरी आडवे वळणारे वाहन हा धोका मी आपल्या रस्त्यांवर रोज पाहतो.

वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातील तथ्यही त्याच अहवालात आहे. ज्या अपघातांत दुसरे वाहन नव्हते, त्यांपैकी दोन तृतीयांश अपघातांत चूक स्वाराची होती, आणि जीवघेण्या अपघातांपैकी जवळपास निम्म्यांत मद्याचा संबंध होता. आपल्याकडे त्यात उलट्या दिशेने येणे, ट्रिपल सीट आणि हेल्मेटमध्ये खोचलेला मोबाईल यांची भर घालावी लागते. हे मी कधीही झाकणार नाही.

पण बेफिकीर बाइकवाला म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर येते, त्यात मोठ्या आवाजाची गाडी, स्टंट आणि कॉलेजचा मुलगा असतो. आपल्या रस्त्यांवरचा खरा दुचाकीस्वार म्हणजे शंभर-एकशे दहा सीसीच्या गाडीवर कॅन बांधलेला दूधवाला, पाळी संपवून परतणारा कामगार किंवा दोन मुलांना शाळेत सोडणारी आई आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली आणि त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हे सारे स्टंट करत नव्हते. या समजाचे नुकसान दुहेरी आहे. कारचालकाला वाटते की चूक त्यांचीच असते, म्हणून तो वळताना दुसऱ्यांदा पाहत नाही. आणि साधा दुचाकीस्वार स्वतःला त्या बेफिकिरांत मोजत नाही, म्हणून "मी काही रायडर नाही, इथेच तर जायचे आहे" असे म्हणून हेल्मेट घरी ठेवतो.

त्याच वर्षी हेल्मेट न घालता मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. माझे त्या दिवशीचे हेल्मेट मी जपून ठेवले आहे. डाव्या कानाच्या वर हाताच्या तळव्याएवढा भाग ग्राइंडर फिरवल्यासारखा घासला गेला आहे आणि आतल्या थर्माकोलला बोटाचे एक पेर बसेल एवढा खड्डा पडला आहे. तो थर्माकोल दबतो म्हणून कवटी वाचते, आणि एकदा दबला की ते हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते. तुमच्या मुलासाठी आयएसआय चिन्ह असलेलेच घ्या आणि पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोनच बोटे जातील इतका तो आवळा, कारण सैल पट्ट्याचे हेल्मेट डोके आपटण्याआधीच उडून जाते.

दुसरी गोष्ट पुढच्या ब्रेकची. "पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते" असे शिकवणारे काका प्रत्येक घरात असतात, आणि ही शिकवण जिवावर बेतते. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतांश काम तेच चाक करते. केवळ मागचा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी फार लांब जाऊन थांबते. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक अंतर कापते, तेव्हा हे लांब जाणे परवडत नाही. माझ्या पुतणीला मी रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर नेऊन दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता, हळूहळू जोर वाढवत दाबायला शिकवले. तिसऱ्या रविवारी तिच्या हाताला ते आपसूक जमू लागले. नव्या गाड्यांपैकी १२५ सीसीपेक्षा मोठ्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असते आणि लहान गाड्यांना किमान सीबीएस (एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा) तरी असते. ऐपत असेल तर एबीएसची घ्या, मात्र वाळूवर आणि पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर तेही फारसे साथ देत नाही.

आडव्या वळणाऱ्या वाहनाबाबत मी स्वतः अपघातानंतर एकच सवय लावून घेतली. चौक किंवा ढाबा आला की मी ॲक्सिलरेटर सोडतो, दोन बोटे ब्रेकवर ठेवतो आणि चालकाच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या पुढच्या चाकाकडे पाहतो. चेहरा माझ्याकडे वळलेला असूनही मी त्याला दिसलेला नसतो. चाक मात्र फिरू लागले की लगेच कळते.

आणि हेल्मेट दोन घ्या. मुलाच्या मागे बसून पहिल्यांदा देवदर्शनाला बहुधा तुम्हीच जाल.