पाच सीरम, आणि सनस्क्रीन एकही नाही

चेहऱ्यावर वय दिसू लागलं की काय लावायचं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. बऱ्याच जणांनी वापरत असलेल्या बाटल्यांचे फोटोही पाठवले होते. कंपन्यांची नावं मी मुद्दाम घेतलेली नाहीत. डबीच्या पुढच्या बाजूला काय छापलंय यापेक्षा मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय, ते वाचायची सवय लावून घ्या.

प्रश्न : मी ४३ वर्षांची, शाळेत शिक्षिका. वर्षभरात व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, हायलुरॉनिक, पेप्टाइड आणि एक ‘गोल्ड’ अशी पाच सीरम घेतली. सहा-सात हजार गेले. गालांवरचे डाग जसेच्या तसे. आता कोणतं घेऊ? (सांगली)

उत्तर : सहावं घेऊ नका. तुमच्या फोटोत सगळं आहे, सनस्क्रीन तेवढं नाही.

आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असतं. त्यामुळे गोऱ्या कातडीच्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा पडतात. पण डाग, वांग, डोळ्यांभोवतीचा काळेपणा मात्र लवकर येतो. जाहिराती सगळ्या सुरकुत्यांच्या. म्हणून अजून न पडलेल्या सुरकुत्यांवर आपण पैसे घालवतो आणि डाग वाढवणाऱ्या उन्हात तसेच फिरतो. शाळेच्या मैदानावर प्रार्थनेला, खेळाच्या तासाला तुम्ही किती वेळ उभ्या असता, मोजून बघा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात नंबूर गावी ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाचणी झाली. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. हाताच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे घेऊन आधीची आणि नंतरची अवस्था ताडून पाहिली. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य २४ टक्के कमी निघालं. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सनस्क्रीनही काही भारी नव्हतं, एसपीएफ १५ चं होतं. त्याच चाचणीत काहींना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग दिसला नाही.

तेव्हा सकाळी तोंड धुवा, त्वचा कोरडी असेल तर मॉइश्चरायझर लावा आणि वर एसपीएफ ३० ते ५० चं सनस्क्रीन. नायसिनामाइड चार-पाच टक्क्यांचं असेल तर ते संपवा, डागांना थोडी मदत होते. हायलुरॉनिक ओलसर चेहऱ्यावर लावलं तर पाणी धरून ठेवतं, तेवढंच. पेप्टाइडकडून फार आशा धरू नका. सोनं दागिन्यात शोभतं. तीन महिन्यांनी डाग तसेच राहिले तर रात्रीच्या औषधाचं बघू.

प्रश्न : एसटीत २२ वर्षं चालक आहे, वय ५१. उजवा गाल डाव्यापेक्षा काळा आणि जास्त सुरकुतलेला आहे. मुलीने सनस्क्रीन आणून दिलं. घामाने डोळ्यांत जातं, चेहरा पांढरा दिसतो, डेपोत पोरं हसतात. (सोलापूर)

उत्तर : मुलगी हुशार आहे. तुमच्यासारखीच एक केस २०१२ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि जगभर गाजली. ६९ वर्षांचा ट्रकचालक, २८ वर्षं गाडी चालवलेला. त्याचा चेहरा डावीकडून फार म्हातारा दिसत होता, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे उजवीकडे.

उन्हातले अतिनील बी किरण कातडी भाजतात. काच त्यांना बऱ्यापैकी अडवते. ए किरण मात्र काचेतूनही आत येतात, खोलवर जाऊन कातडीचा ताण सांभाळणारे धागे मोडतात, आणि हे होताना काही जाणवतही नाही. एसपीएफचा आकडा मुख्यतः बी किरणांचा. ए किरणांसाठी डबीवर ‘पीए’ आणि पुढे अधिकची चिन्हं असतात. ही जपानी पद्धत. तीन किंवा चार अधिक असलेलं घ्या.

आता घाम. जेलसारखं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन मागा. पापण्यांच्या अगदी जवळ लावू नका, तिथे गॉगल काम करेल. पांढरेपणा येतो तो झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडमुळे. त्यावर उपाय म्हणजे कातडीच्या रंगाचं, टिंटेड सनस्क्रीन. त्यात आयर्न ऑक्साइड असतं. ते डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काही प्रमाणात अडवतं. वांग असलेल्यांना मी तेच सांगते, कारण नुसत्या अतिनील किरणांना अडवून वांग आटोक्यात येत नाही.

किती लावायचं, हे बहुतेकांचं चुकतं. डबीवरचा आकडा चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. घरच्या हिशेबात तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बुडापासून टोकापर्यंत एकेक पट्टी काढा. एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. हरभऱ्याएवढं चोपडून एसपीएफ ५० मिळत नाही. दोन-अडीच तासांनी, गाडी थांब्यावर थांबली की पुन्हा लावा. नाहीच जमलं तर उजव्या बाजूने उपरणं घ्या, सोलापुरात त्याला कुणी हसणार नाही. विडी-सिगारेट असेल तर तीही चेहऱ्यावर दिसते, तेवढं जाता जाता सांगते.

प्रश्न : वय ३६, आयटीत नोकरी. एक टक्क्याचं रेटिनॉल रोज रात्री, सोबत ग्लायकोलिक अ‍ॅसिड. तीन आठवड्यांत चेहरा सोलला, आग होते, ओठांच्या कडा काळ्या पडल्या. रीलमध्ये सांगतात, सोलतंय म्हणजे काम करतंय. चालू ठेवू का? (नागपूर)

उत्तर : आज रात्रीपासून दोन्ही बंद. दोन आठवडे साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. बाकी काही नाही.

औषधाबद्दल गैरसमज नको. सुरकुत्यांवर ज्याचा सगळ्यात भरभक्कम पुरावा आहे, ते हेच घराणं. त्यातलं ट्रेटिनॉइन मूळचं मुरमांचं औषध. फिलाडेल्फियातले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांचे मुरमांचे रुग्ण सांगू लागले, की कातडी नितळ झाली, बारीक रेषा कमी झाल्या. १९८८ मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी त्याची रीतसर चाचणी घेतली, आणि १९९५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ऊन खाल्लेल्या त्वचेसाठी त्याचं क्रीम मंजूर केलं. तुम्ही लावताय ते रेटिनॉल त्याचं सौम्य भावंड. त्वचेत गेल्यावर त्याचं दोन टप्प्यांत ट्रेटिनॉइन, म्हणजे रेटिनॉइक आम्लच बनतं. म्हणून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं आणि परिणामही सावकाश दिसतो. तीन ते सहा महिने धरा.

सोलणं हा दुष्परिणाम आहे, कामाचा पुरावा नव्हे. गोऱ्या बाईच्या रीलमध्ये सोललेली कातडी चार दिवसांत लाल होऊन बरी होते. आपल्याकडे जिथे आग झाली तिथे नंतर काळा डाग उरतो, आणि तो जायला महिने लागतात. तुमच्या ओठांच्या कडांना हेच झालंय. डाग घालवायला आणलेल्या बाटलीने नवे डाग दिले.

दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू करताना ०.२ किंवा ०.३ टक्क्यांचं घ्या. आठवड्यातून दोनच रात्री. तोंड धुवून पूर्ण कोरडं होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं रेटिनॉल सगळ्या चेहऱ्याला मिळून, पुन्हा वर मॉइश्चरायझर. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, पापण्या सोडा. महिनाभर त्रास झाला नाही तर एक रात्र वाढवा. त्या रात्री ग्लायकोलिक नको.

गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन दोन्ही नको. तेव्हा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड चालतं, डॉक्टरांना विचारून.

हल्ली ‘नैसर्गिक रेटिनॉल’ म्हणून बाकुचिओल विकतात. ते बावचीच्या बियांतून काढतात. ४४ जणांच्या एका छोट्या चाचणीत ते ०.५ टक्के रेटिनॉलच्या बरोबरीने उतरलं आणि आग कमी झाली. एवढ्याशा पुराव्यावर मी त्याला रेटिनॉलच्या जागी बसवणार नाही, पण ज्यांना रेटिनॉल सोसतच नाही त्यांनी करून पाहावं. फक्त हे ऐकून काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीचं तेल आणून लावू नका. त्यात सोरॅलेन असतं, आणि त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते, फोड येतात. कोडावर बावची देतात ती याच गुणामुळे, पण ती वैद्याच्या देखरेखीखाली.

प्रश्न : व्हिटॅमिन सीचं सीरम दोन महिन्यांत चहासारखं तपकिरी झालं. वापरू का? (रत्नागिरी)

उत्तर : टाकून द्या. ते हवा, उजेड आणि उष्णतेने खराब झालंय. कोकणात उन्हाळ्यात ते बाथरूममध्ये ठेवणं म्हणजे पैसे वाफेवर घालवणं. पुढच्या वेळी १० ते २० टक्क्यांचं, गडद बाटलीतलं, छोट्यात छोटं घ्या आणि फ्रिजच्या दारात ठेवा. वीस टक्क्यांच्या वर शोषण वाढत नाही, आग वाढते.

प्रश्न : पार्लरमधल्या ताईंनी ‘अँटी-एजिंग नाइट क्रीम’ दिलं, साध्या पांढऱ्या डबीत. दहा दिवसांत चेहरा इतका उजळला की सगळे विचारायला लागले. आठ महिने लावतेय. दोन दिवस चुकले तरी चेहरा लाल होतो, आग होते, मुरमं येतात. (जालना)

उत्तर : या वेळच्या पत्रांत हे सगळ्यात काळजीचं. दहा दिवसांत वय कमी करणारं क्रीम अस्तित्वात नाही. दहा दिवसांत उजळवतात ती स्टेरॉइडं, नाहीतर पारा.

मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडं एक्झिमासाठी उत्तम औषधं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. सोडली की तुम्हाला होतंय तसं होतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. म्हणजे तरुण दिसायचं क्रीम म्हणून तुम्ही कातडीतलं कोलॅजन, म्हणजे तिचा ताण सांभाळणारे धागे, कमी करणारं औषध लावत होता. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या मोमेटासोन, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या ‘ट्रिपल’ क्रीमचाही आपल्याकडे असाच गैरवापर होतो. लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम कडक केले. दुकानदार किती पाळतात, तुम्हाला ठाऊक आहे.

पाऱ्याची गोष्ट अधिक वाईट. अकोल्यातली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं पार्लरमधून आणलेल्या क्रीमने बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने तपासलं तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत हे आलं होतं. त्याच वर्षी केरळातल्या मलप्पुरममध्येही अशाच केसेस सापडल्या.

तुम्ही काय करायचं? क्रीम फेकू नका, डबीसह त्वचारोगतज्ज्ञाकडे घेऊन जा. स्टेरॉइड कसं उतरवायचं ते ठरवतील, चेहरा शांत व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, तेवढा धीर धरा. सोबत लघवीची साधी तपासणी करून प्रथिनं जातात का पाहा. पायाला सूज असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर थांबू नका. आणि यापुढे उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटकांची यादी, यांपैकी एक जरी नसेल तर ती डबी कितीही जवळच्या ताईंनी दिली तरी परत करा.

प्रश्न : कोलॅजन पावडर घ्यावी का? आम्ही शाकाहारी आहोत. (पुणे)

उत्तर : मग प्रश्न मिटलाच. कोलॅजन मासे, गाय किंवा डुकराच्या कातडी-हाडांतून येतं. ‘व्हेज कोलॅजन’ म्हणून विकतात त्यात बहुधा अमिनो आम्लं आणि व्हिटॅमिन सी असतं. मांसाहारींनाही सांगते, चाचण्यांचे चांगले निकाल मुख्यतः कंपन्यांच्या पैशांवर झालेल्या अभ्यासांत दिसतात. क्रीममधलं कोलॅजन तर कातडीत शिरायला फारच मोठं, वरच्या वर राहतं. डाळ, दही, आवळा खा.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला रेटिनॉल सीरम हवंय. (ठाणे)

उत्तर : नाही म्हणा. सौम्य फेसवॉश आणि सुगंध न घातलेलं सनस्क्रीन द्या. उरलेल्या पैशांत दुसरं काहीतरी.

प्रश्न : मी ७१ वर्षांची. सून रात्री रेटिनॉल लावते. या वयात मी लावलं तर काही उपयोग होईल, की लोक हसतील? (दादर)

उत्तर : उपयोग होईल. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये छापलेल्या एका चाचणीत ३६ वृद्ध होते, सरासरी वय ८७. दंडाच्या आतल्या बाजूला एका हाताला ०.४ टक्के रेटिनॉलचं लोशन, दुसऱ्या हाताला औषध नसलेलं लोशन. २४ आठवड्यांनी रेटिनॉल लावलेल्या हातावरच्या बारीक सुरकुत्या कमी झाल्या होत्या. ८७ व्या वर्षी कातडी ऐकते, तर ७१ व्या वर्षी का नाही?

आधी कोरडेपणाचं बघा. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांतच कातडीतलं कोलॅजन झपाट्याने घटतं, तेलग्रंथीही मंदावतात, म्हणून या वयात खाज सुटते. कढत पाण्याची आंघोळ सोडा. अंग टिपून ओलसर असतानाच ग्लिसरीनचं मॉइश्चरायझर लावा, हातापायांना खोबरेल तेलही चालेल. चेहऱ्यावर एखादा ठिपका वाढत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा जखम महिनाभर भरत नसेल, तर त्यावर काहीही न लावता आधी दाखवा.

मग आठवड्यातून एक रात्र, वाटाण्याच्या अर्ध्याएवढं रेटिनॉल, भरपूर मॉइश्चरायझरवरून. सुनेचीच बाटली वापरा, पण तिची एक टक्क्याची असेल तर तुमची वेगळी आणायला सांगा. आणि हसण्याचं म्हणाल, तर हे लावायचं रात्री दिवा मालवायच्या आधी, बघणार कोण?