वस्तीचे आकडे वाचताना

प्रश्न : शहराच्या अभ्यासासाठी आमच्या गटाने काही वस्त्यांची जनगणनेतील माहिती गोळा केली आहे. लोकसंख्या, कुटुंबे, साक्षरता, घरातील सोयी असे सगळे तक्ते हाताशी आहेत. परंतु त्यांतून वस्तीचे चित्र कसे उभे करावे, हे उमगत नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात नकाशापासून करावी. जनगणनेतील प्रत्येक आकडा कोणत्या तरी हद्दीतला असतो आणि ती हद्द मोजणीच्या किंवा प्रशासनाच्या सोयीने आखलेली असते. रहिवासी ज्या भागाला आपली वस्ती मानतात, त्याच्याशी ती जुळेलच असे नाही. अमेरिकेतील 'सेन्सस ट्रॅक्ट' हा घटक सुमारे ४,००० लोकवस्तीचा असावा अशी अपेक्षा असते. भारतात मात्र शहरांची प्रसिद्ध होणारी माहिती बहुधा प्रभागापाशी थांबते आणि मोठ्या शहरांतील प्रभाग याहून कितीतरी मोठे असतात.

हद्द मोठी असली की सरासरी फसवते. समजा, एका प्रभागात १,००० कुटुंबे आहेत आणि त्यांपैकी ८० टक्के कुटुंबांच्या घरात शौचालय आहे. वाचताना वाटते, परिस्थिती बरी आहे. पण मुख्य रस्त्यालगतच्या इमारतींतील ७५० कुटुंबांपैकी ७३५ जणांकडे आणि मागच्या बाजूच्या चिंचोळ्या गल्ल्यांतील २५० कुटुंबांपैकी अवघ्या ६५ जणांकडे ही सोय असेल, तरीही बेरीज ८०० आणि टक्केवारी ८० हीच येते. गल्ल्यांत चार कुटुंबांतील जेमतेम एकाकडे शौचालय आहे, ही विषमता त्या एका आकड्याखाली झाकली जाते, आणि नियोजनात तोच भाग मागे पडतो. म्हणून माझा आग्रह असा, की मिळेल त्या सर्वांत लहान घटकाचे आकडे शोधावेत. समाजसंशोधक चार्ल्स बूथ यांनी १८८९ मध्ये लंडनचा दारिद्र्याचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी रस्त्यागणिक रंग भरले होते. सुखवस्तू वर्गाचा लाल रंग हमरस्त्यांवर आणि गरिबीचे निळे-काळे रंग त्यांच्या लगेच मागे, हे त्यामुळेच दिसू शकले.

दुसरी दक्षता छेदाची. टक्केवारी कशाची आहे, व्यक्तींची, कुटुंबांची की घरांची, हे दर वेळी तपासावे. साक्षरतेचा दर भारतीय जनगणनेत सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढतात. तोच दर कोणी साक्षरांच्या संख्येला एकूण लोकसंख्येने भागून काढला, तर लहान मुले जास्त असलेली वस्ती विनाकारण मागासलेली ठरते. हद्दीत एखादे मोठे वसतिगृह किंवा तुरुंग असेल, तर वयोगट आणि लिंग-गुणोत्तर दोन्ही विस्कटतात. अशा संस्थांतील रहिवाशांची नोंद वेगळी मिळत असल्यास ती बाजूला काढून पाहावी. शिवाय जनगणना माणसाला त्याच्या निवासस्थानी मोजते. दिवसभर गजबजलेली बाजारपेठ त्यामुळे तक्त्यात जवळपास ओस दिसते, हे पाणी-स्वच्छतेचा हिशेब मांडताना विसरू नये.

प्रश्न : ज्या वस्तीत स्थलांतरितांचे प्रमाण अधिक, तिथे साक्षरताही अधिक, असे आमच्या तक्त्यांत आढळले. म्हणजे स्थलांतरित अधिक साक्षर आहेत, असे लिहावे काय?

उत्तर : लिहू नये. असा निष्कर्ष कसा चुकतो, हे समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून दाखवले. राज्यांची तुलना केली, तर परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी होती. व्यक्तींची तुलना केली, तर परदेशात जन्मलेल्यांमध्येच निरक्षरता किंचित जास्त होती. बाहेरून आलेले लोक मुळात अधिक साक्षर असलेल्या राज्यांत स्थिरावले होते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या वस्त्यांतही असेच घडले असणे शक्य आहे. वस्तीविषयीचे विधान वस्तीपुरतेच ठेवावे. व्यक्तींविषयी बोलायचे असेल, तर स्थलांतर आणि साक्षरता एकत्र दाखवणारा तक्ता किंवा घरोघरचे सर्वेक्षण हवे.

प्रश्न : भारतातील शेवटची जनगणना २०११ ची आहे. इतके जुने आकडे वापरावेत का?

उत्तर : वापरावेत, मात्र कशासाठी ते ठरवून. पुढील जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ आहे; तोपर्यंत जुने आकडे पायाभूत नोंद म्हणून उपयोगी पडतात. झपाट्याने वाढलेल्या उपनगरांतील आजची लोकसंख्या त्यांवरून सांगू नये. नवे आकडे आल्यावर दोन्ही जनगणनांमधील प्रभागांच्या हद्दी एकमेकींवर ठेवून पाहाव्यात, कारण हद्द सरकली असेल तर एकही नवे घर न बांधता लोकसंख्या वाढलेली दिसते. आपल्या भागाचा २०११ चा हद्दींचा नकाशा आत्ताच मिळवून जपून ठेवावा. नंतर तो शोधणे अधिक कठीण जाते.