आरोग्य केंद्रात सहा-सात वेळा बोलून आईचं नैराश्य जाईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं : आई गावी, कोरेगाव तालुक्यात, तुम्ही नोकरीला चाकणला. प्राथमिक आरोग्य केंद्रात नैराश्य सांगितलं, गोळी सुरू केली आणि तिथल्या समुपदेशक बाईंनी दर आठवड्याला बोलायला बोलावलंय. गप्पा मारून आजार जातो का, की सरळ पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्यावं?

मी याच जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते. माझं मत, आईला जाऊ द्या. पुण्याची घाई नको.

त्या गप्पा नसतात, सल्लाही नसतो. 'मन घट्ट करा, नामस्मरण करा' असं सांगायला गावात माणसं कमी आहेत का? नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो. काम सुटलं की त्यातलं समाधान जातं, चार माणसांची गाठभेट जाते, मन आणखी खचतं आणि उरलंसुरलंही सुटतं. म्हणून उत्साहाची वाट न बघता आधी काम सुरू करायचं, तेही अगदी चिमूटभर. उत्साह मागून येतो. दोघींनी बसून आठवड्याचं काम ठरवायचं; पुढच्या वेळी जमलं का, केल्यावर कसं वाटलं, नाही जमलं तर कुठं अडलं, ते बघायचं. खरा उपचार होतो तो दोन भेटींच्या मधल्या दिवसांत.

एक मावशी यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तक्रार काय, तर डोकं जड, हातापायाला मुंग्या, झोप नाही. 'मन उदास आहे' असं आपल्याकडे सहसा कुणी म्हणतच नाही. घेवडा निवडण्यात मावशींचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं, पण मुलानं मायेपोटी सगळंच बंद केलेलं. "आई, तू फक्त आराम कर." मग दिवसभर खाटेवर पडून आढ्याकडे बघत राहायच्या. आम्ही ठरवलं, दुपारी चहा झाला की शेजारच्या काकूंबरोबर सोप्यात बसून एक सूप घेवडा निवडायचा. एकच सूप. पहिल्या आठवड्यात ते दोनदाच झालं. "हात चालत हुतं, पर जीव न्हवता त्यात," म्हणाल्या. चालेल म्हटलं, हात चालले ना! पुढं काकूंनीच त्यांना भजनाला ओढून नेलं. महिन्याभरानं सून तक्रार घेऊन आली, "आता खडा राहिला की मलाच बोलत्यात." ती तक्रार ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

हे माझ्या एकटीच्या अनुभवावर सोडू नका. शेजारच्या गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर हीच पद्धत तपासली गेली. निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. रुग्ण किरकोळ उदास नव्हते, नैराश्य बरंच वाढलेले होते. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. ६ ते ८ भेटी, प्रत्येक ३० ते ४० मिनिटांची. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, भेटी न मिळालेल्यांत ३९ टक्के. वर्षानंतरही फायदा टिकून होता. अर्थात शंभरातल्या छत्तीस जणांना तेवढं पुरलं नाही, हेही त्यातच आलं.

म्हणून एक करा. केंद्रात नऊ प्रश्न विचारून २७ पैकी गुण काढतात; आईचे किती होते ते विचारून ठेवा. तीन-चार भेटींनंतर आकडा खाली येत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, ते साताऱ्यातही आहेत. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं नसेल तर तेही करून घ्या. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. तिची सवय लागेल म्हणून कुणाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नका.

मरणाचं बोलणं, खाणंपिणं सोडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. फवारणीची औषधं मात्र आजच कुलपात टाकायला सांगा, आई काही बोललेली असो वा नसो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं.

राहिलं तुमचं काम. फोनवर रोज "बरं वाटतंय का?" विचारलं की आईला रोज "नाही" म्हणावं लागतं. त्याऐवजी ठरलेलं काम झालं का, शेजारचं कुणी आलं होतं का, ते विचारा. आणि एसटी चुकली म्हणून भेट बुडू देऊ नका. बाईंना फोन करून वेळ बदलून घ्या. घरी येऊन किंवा फोनवरही ही भेट होऊ शकते, विचारून बघा.