काळ्या रानातल्या चिखलापाण्यापासून ट्रकचे इंजिन कसे जपावे?
परभणीकडच्या काळ्या रानात परतीच्या पावसानंतर ऊस भरायला ट्रक न्यावा लागत असेल, तर पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूस जाड रबरी पडदा लावून घ्यावा, कारण इंजिनावर येणारा बहुतेक चिखल ही चाकेच उडवतात. खालची बाजू मात्र पत्र्याने पूर्ण बंद करू नये. गरम हवेला बाहेर पडायला वाट लागते. ही माती वाळली की रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसते, म्हणून ती ओली असतानाच, पण इंजिन निवल्यावर, आतून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवावी. जोरदार फवाऱ्याने जाळीची पातळ पाती वाकतात आणि अल्टरनेटरमध्येही (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रात) पाणी शिरते. ओढ्यात इंजिन बंद पडलेच, तर कृपा करून पुन्हा सेल्फ मारू नका: सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असल्यास पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ट्रक ओढून बाहेर काढावा आणि एअर फिल्टर उघडून पाहावा.