समोरचा मधेमधे पैसे देतो म्हणून डिक्रीची मुदत वाढते का?

तुम्ही विचारलंय की म्हापशाच्या कोर्टाचा 2016 चा निवाडा तुमच्या बाजूने आहे, समोरचा वर्षाकाठी थोडे पैसे टाकतो, मग डिक्री (कोर्टाचा पैसे देण्याचा हुकूम) वसूल करायची मुदत प्रत्येक पेमेंटपासून नव्याने सुरू होते ना. नाही हो, होत नाही. मी पणजीत वकिलांच्या ऑफिसात काम करतो आणि या एका समजुतीपायी लोकांचे हक्काचे पैसे बुडताना बघितलेत, फार वाईट वाटतं. साध्या उधारीत थोडे पैसे दिले आणि त्याची देणाऱ्याच्या हातची लेखी नोंद असली तर मुदत वाढते, ते बरोबर, पण लिमिटेशन अॅक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम 19 मधेच लिहिलंय की डिक्रीचे पैसे त्यात धरायचे नाहीत. "देतो" म्हणून लिहून घेतलं तरी तेच.

मुदत 12 वर्षं, म्हणजे तुमची 2028 मधे निवाड्याच्या तारखेला संपते. नक्कल उशिरा मिळाली म्हणून वाढत नाही. अपिलात निकाल लागला असेल तर त्या निकालापासून धरतात, स्टे होता तर तेवढा काळ वगळतात, पण नुसतं अपील पडून असेल तर घड्याळ चालूच. डिक्रीतच हप्ते लावून दिले असतील तर हप्ता चुकला त्या तारखेपासून त्या हप्त्याची मुदत. आणि दरखास्तीला, म्हणजे डिक्री वसूल करून द्या या कोर्टातल्या अर्जाला, उशीर माफ करून मिळत नाही, कलम 5 तिथे लागूच नाही, आजारी होतो वगैरे काही चालत नाही.

गोव्यात पोर्तुगीज कायद्याची मुदत चालते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, 2001 मधे सुप्रीम कोर्टाने सिंडिकेट बँकेच्या केसमधे सांगितलंय की इथेही 1963 चाच लिमिटेशन अॅक्ट.

तर आता थांबू नका, दरखास्त घाला, ती वेळेत पडली की पुढे 12 वर्षं उलटली तरी चालते. निवाड्याला 2 वर्षं होऊन गेली की दरखास्त घातल्यावर आधी समोरच्याला नोटीस जाते, तो सावध होतो, म्हणून दरखास्तीआधीच त्याच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारासारखा कागद) काढून ठेवा, बँक कुठली, नोकरी कुठे, सगळं जमवा. काहीच सापडलं नाही तर त्याने मालमत्तेचं अॅफिडेव्हिट द्यावं असा अर्ज करता येतो, कोर्टाने सांगूनही दिलं नाही तर 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. घर नवरा-बायकोच्या सामाईकीत असेल तर जप्तीचं आधी वकिलाला विचारा, आपल्याकडे अर्धा वाटा बायकोचा असतो. जमीन सावंतवाडीकडे असेल तर डिक्री तिथल्या कोर्टाकडे पाठवून घ्यावी लागते.

आणि आतापर्यंत मिळालेले पैसे तारखेसकट दरखास्तीत वजा करून दाखवा, लपवू नका.