साधा मोबाईल आहे, फिरायला जायला वेळ नाही. तरी ऋतूंचे सुंदर फोटो काढता येतील का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी आणि घर सांभाळून कुठे जाणं होत नाही, हातात चार वर्षांपूर्वीचा फोन आहे, मग निसर्गाचे फोटो काढायचे तरी कुठे? मी सांगेन, ज्या रस्त्यानं रोज जाता तिथेच. एक जागा धरा आणि वर्षभर ती सोडू नका. मी साताऱ्यात एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, काम करतो. कंपनी ते घर पायी अर्ध्या तासाचा रस्ता आहे आणि गेली तीन वर्षं मी त्याच रस्त्यावर फोटो काढतोय.

आमच्या तीन शिफ्ट असतात, दर आठवड्याला बदलतात. थर्ड शिफ्ट सकाळी सातला सुटते. जानेवारीत सातला पंच करून बाहेर पडलो की सूर्य नुकता डोकं वर काढत असतो. मे महिन्याच्या शेवटी त्याच सातला तो उगवून तास झालेला असतो, ऊन मानेवर बसायला लागतं. वाटेत एक मोठा पिंपळ आहे. थंडीत त्याची सकाळची सावली चहाच्या टपरीवर पडते आणि मे महिन्यात टपरी उघडी पडून सावली रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेलेली असते. सूर्य हिवाळ्यात आग्नेयेकडे आणि उन्हाळ्यात ईशान्येकडे सरकून उगवतो हे शाळेत पाठ केलं होतं. ते खरं पटलं फोटो शेजारी शेजारी ठेवले तेव्हा.

हा पिंपळच माझी धरलेली जागा. आठवड्यातून एकदा, टपरीच्या खांबाला खांदा टेकून एक फोटो. खांब ठरवून घेतलाय म्हणजे चौकट हलत नाही. मशीनवर आम्ही तोच जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा सुटा भाग, दिवसात शेकडो वेळा हातात घेतो. नवख्याला सगळे सारखे दिसतात, पण काही महिन्यांनी केसाहून बारीक फरकही मापायचं मायक्रोमीटर लावायच्या आधी बोटांना कळायला लागतो. झाडाचंही तसंच झालं. पहिले दोन महिने सगळे फोटो सारखेच वाटत होते. मग फेब्रुवारीत पानं पिवळी पडून गळायला लागली आणि एका फांदीवर जुनी पानं शिल्लक असतानाच शेजारच्या फांदीला कोंब फुटलेले दिसले.

पिंपळाची चैत्रातली पालवी जवळून पाहिली आहे का? लांबून झाड नुसतं तांबूस दिसतं. खाली वाकलेली एखादी फांदी गाठा आणि पान तुमच्या आणि उन्हाच्या मधे येईल असे उभे राहा. ओल्या कागदासारखं पातळ, गुलाबी-तांबडं पान, त्यात शिरांचं सगळं जाळं उजळलेलं आणि खाली ते लांब शेपूट. देठ लांब असल्यामुळे वारा आपल्याला जाणवतही नसतो तेव्हासुद्धा ते थरथरत असतं, म्हणून एकाच्या जागी पाच-सहा फोटो काढावे लागतात. फोनच्या पडद्यावर त्या पानावर बोट टेकवलं की बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते जरा खाली ओढा. मागचं सगळं काळवंडतं आणि पान पेटल्यासारखं दिसतं. हा थोड्याच दिवसांचा खेळ असतो, मग ते पोपटी होतं आणि नंतर आपलं नेहमीचं हिरवं. पाऊस सुरू झाला की तेच शेपूट पाहा, पानावरचं सगळं पाणी त्या टोकाशी गोळा होऊन एक थेंब लोंबत राहतो.

एक साधी गोष्ट राहून जाते, लेन्स पुसा. माझ्या बोटांना कायम मशीन थंड ठेवायच्या कूलंटचा नाहीतर तेलाचा हात. सुरुवातीला माझे निम्मे फोटो धुरकट यायचे आणि मी फोनला दोष द्यायचो. सुती रुमालाचं एक टोक पुरतं. आणि धुक्यात पानाच्या उलट करायचं, ते सूर्याचं चिन्ह थोडं वर ओढायचं, नाहीतर पांढरं धुकं राखेसारखं मळकट येतं.

उन्हाळ्यात लोक म्हणतात की फोटो काढण्यासारखं काही नसतं. माझं मत अगदी उलट आहे. आईच्या गच्चीवरच्या वाळवणाचे फोटो मला माझ्या सगळ्या फोटोंत प्रिय आहेत. कुरडई सोऱ्यातून नुकती पडलेली, ओली असते तोवर सकाळच्या तिरप्या उजेडात तिची तार न् तार चमकते आणि प्रत्येक तारेची सावली प्लास्टिकवर वेगळी मोजता येते. अकरा वाजले की सगळं सपाट. म्हणजे सुंदर कुरडईचा फोटो काढायला पाऊणएक तास मिळतो, आणि तेवढ्या वेळात आई 'आधी चिमण्या हाकल' म्हणून ओरडत असते. सातारा-पुण्याच्या पट्ट्यात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी, साडेबाराच्या आसपास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. गच्चीवर पाण्याचा तांब्या ठेवून मी तो टिपला. तांब्या जमिनीवर न टेकता अधांतरी ठेवल्यासारखा दिसत होता.

पावसाळ्यात ढगांमुळे सगळीकडे सारखा, मऊ उजेड असतो, फुलांसाठी याहून चांगला उजेड नाही. कंपनीच्या तारेच्या कुंपणाला श्रावणात टाकळा माजतो. होय, भाजीचाच टाकळा. त्याची पानं रात्री जोडीजोडीनं मिटतात. सेकंड शिफ्टला साडेतीनला आत जाताना ती सताड उघडी असतात, आणि रात्री बाराला बाहेर येतो तेव्हा गेटच्या दिव्याखाली सगळी हात जोडून झोपलेली. तीन पावसाळे या दोन वेळांचे फोटो जोडीनं काढतोय आणि अजून मन भरलेलं नाही.

आता कास पठाराबद्दल, कारण कुणीतरी तुम्हाला तिथे जा म्हणेलच. आमच्या गावापासून साधारण २५ किलोमीटर. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांत कास आहे. सप्टेंबरात तिथे तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली असतात आणि ते दृश्य खरोखर डोळ्यांत मावत नाही. मी मित्राचा मोठा कॅमेरा मागून घेऊन गेलो होतो. जवळून फोटो मिळावा म्हणून पायवाट सोडून चार पावलं आत गेलो. तिथे जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो, सगळी झाडं तेवढ्यावरच जगतात. परत फिरताना माझ्याच बुटांखाली आडवी झालेली निळी फुलं दिसली. तो फोटो चांगला आलाय, पण मी तो कुणाला दाखवत नाही. जा, जरूर जा, पण वाटेवरूनच पाहा. आणि घराजवळ कुठे काजवे किंवा पक्ष्याचं घरटं सापडलं तर जागेचं नाव टाकून फोटो पसरवू नका, फ्लॅश तर अजिबात मारू नका.

थंडीत उठणं जड जातं, पण तारेच्या कुंपणावर कोळ्याची जाळी दवानं भरलेली फक्त सकाळीच मिळतात, ऊन तापलं की काही उरत नाही. जाळ्याच्या मागे काहीतरी गडद येऊ द्या, झाडाचं खोड चालतं. त्याच दिवसांत आमच्या रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या जातात, धुक्यातून आधी घुंगरांचा आवाज येतो आणि मग बैलांची शिंगं दिसतात. गाडीवान दिसला की आधी विचारा, 'दादा, एक फोटो काढू का?' काढल्यावर दाखवा. एका ताईंनी फोटो पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, 'आता परत काढा.' दुसरा फोटो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला आला.

तुमच्याजवळ पिंपळ नसेल तर बसस्टॉपवरचा गुलमोहर घ्या, बहावा घ्या, सोसायटीची शेवाळलेली भिंत घ्या. उभं राहायची जागा आजच ठरवा आणि पहिला फोटो काढा. तो साधाच येईल, तरी डिलीट करू नका. चैत्रातल्या फोटोशेजारी ठेवायला तो लागणार आहे.