देवगिरीतून उतरल्यावर मुंबईत खोली कुठं घ्यायची?

गंगाखेडच्या दादांनी विचारलंय: वडील ७२ वर्षांचे, गुडघे दुखतात, मंगळवारी सकाळी नऊला परळला डॉक्टरांची वेळ. सोबत वहिनी. सोमवारी मंत्रालयात एक काम. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं जायचं आणि बुधवारी रात्रीच्या देवगिरीनंच परत. दिवसाला अडीच हजारापर्यंत खर्चायची तयारी आहे, आणि मोबाइलवर सीएसएमटीजवळचं एक हॉटेल पसंत पडलंय, फोटो छान आहेत म्हणून.

दादा, ते सोडा. सीएसएमटी हे गाडीचं शेवटचं स्टेशन, तुमच्या कामाचं नाही. आपल्याकडची माणसं गाडी जिथं थांबते तिथंच लॉज शोधतात, मीही पंधरा वर्षं तेच केलं. मंगळवारी सकाळी नऊला म्हाताऱ्या माणसाला परळला पोचवायचंय, त्या जागेपासून मागं मागं येत खोली शोधा. म्हणजे दादर पूर्व, नाहीतर परळ. देवगिरी दादरला थांबते. पूर्वेच्या बाजूनंच बाहेर पडा. फक्त ठाणं गेलं की बॅगा दाराशी आणून ठेवा, गाडी तिथं फार वेळ उभी राहत नाही.

आता फोटोंचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका लॉजची खोली मी अशीच फोटो बघून घेतली. फोटोत छान लांब पडदा. खोलीत शिरल्यावर उकडायला लागलं म्हणून पडदा सरकवला, तर मागं भिंत! नुसती रंग दिलेली भिंत. शेजारच्या खोलीची पार्टिशन छतापर्यंत गेलेलीच नव्हती, त्यामुळं तिकडच्या काकांचं घोरणं आमच्याच खोलीत. वर लॉज तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना, लिफ्ट नाही. मुंबईतलं छोटं हॉटेल म्हणजे पुष्कळदा जुन्या इमारतीचा एखादाच मजला असतो. खाली दुकानं, वर कुणाची ऑफिसं, मधे हे. पाटी मात्र अख्ख्या इमारतीएवढी.

म्हणून थेट काउंटरवरच्या माणसाला फोन लावा. बुकिंगवाल्यांच्या नंबरवर पोरं बोलतात, त्यांनी ते हॉटेल पाहिलेलं नसतं. पहिलं विचारायचं ते भाडं नाही, कमोड. वडलांचे गुडघे दुखतात आणि संडास देशी निघाला तर तीन दिवस हाल. मग लिफ्ट आहे का, रात्री चालू असते का, आणि लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या. हे शेवटचं विचाराच, कारण "लिफ्ट आहे" म्हणतात आणि ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते. खिडकी रस्त्याकडं उघडते की डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या बंद पोकळीत? गरम पाणी किती ते किती? बऱ्याच ठिकाणी सकाळी दोन-तीन तासच येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चेक-आउट चोवीस तासांचा की दुपारी बाराचा. आपल्या गाडीनं जाणाऱ्यांचं सगळं गणित इथंच फसतं. देवगिरी भल्या सकाळी पोचवते. बाराच्या हॉटेलात साडेसहाला गेलात तर एकतर दुपारपर्यंत सोफ्यावर बसा, नाहीतर आदल्या दिवसाचं भाडं भरा. तुमचा मुक्काम दोन रात्रींचा, बिल तीन दिवसांचं. चोवीस तासांच्या लॉजमध्ये सोमवारी सातला घुसलात की बुधवारी सातपर्यंत खोली तुमची, दोनच दिवस. जुन्या लॉजांत ही पद्धत अजून आहे, चकचकीत हॉटेलांत क्वचित. बुधवारी रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ उरतो, त्यासाठी अर्ध्या दिवसाचं भाडं आधीच ठरवून घ्या. वडलांना दिवसभर बॅगांजवळ बसवू नका. हे पैसे वाचवण्यासारखे नाहीत.

भाडं ठरवताना तिसरी गादी धरून आणि जीएसटी धरून किती, असं एकदमच विचारा. दिवसाला साडेसात हजारापर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. कुणी अजून बारा लावत असेल तर टोका. आधी खोली बघायची, नळ सोडून बघायचा, मग पैसे. स्टेशनबाहेर "रूम पाहिजे का साहेब" म्हणत बॅगेला हात घालणाऱ्याच्या मागं जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच भाड्यात चढतं. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, "फक्त लॉजसाठी", आणि तारीख टाका. आकडे झाकलेलं आधार डाउनलोड करता येतं, ते जास्त बरं.

दादरला आपल्यासारखी रिक्षा मिळत नाही. रिक्षा वांद्रे-सायनच्या अलीकडं येतच नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी, कमीत कमी ३१ रुपये, मीटरनंच. परळ जवळ आहे म्हणून एखादा नाही म्हणेल, दुसरी बघायची. वडलांना सकाळच्या लोकलमध्ये अजिबात घालू नका. सोमवारी त्यांना खोलीवर झोपू द्या आणि तुम्ही एकटे मंत्रालयात जा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो पार कफ परेडपर्यंत जाते. दादर पश्चिमेला बसायचं, विधान भवन स्टेशनला उतरायचं, मंत्रालय तिथून पायीच.

पावसाळ्यात जात असाल तर दादर-परळच्या मधल्या हिंदमाताच्या सखल भागातलं लॉज नको. तिथं पाणी तुंबतं आणि टॅक्सीवाले हात वर करतात.

एक वेगळं सांगतो. डॉक्टरांनी उपचार लांबवले, आठ-पंधरा दिवस राहावं लागलं, तर लॉज परवडत नाही. परळला रुग्णांच्या राहण्याची सोय करणारी नाना पालकर स्मृती समिती आहे, आणि कॅन्सरच्या रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा. दवाखान्याचे कागद लागतात, जागा लगेच मिळेलच असं नाही, पण पहिल्याच दिवशी चौकशी करून ठेवा.

जेवणाची काळजी नको, दादरला मराठी खाणावळी पुष्कळ. तरी वहिनींना म्हणावं, चार ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. आमचे आबा दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच भाकरी मागायला लागले होते.